अभ्यासलेख : ‘मास इफेक्ट’ या विज्ञानकथा-खेळाची कथा आणि लढाईची पद्धत



कथा, कादंबरी किंवा नाटक अभ्यासताना आपण कथानक, पात्रे, संघर्ष, वातावरण असे घटक सुटे करून बघतो. आजच्या पाठात एका व्हिडिओ गेमचा तसाच अभ्यास करायचा आहे. आता काही पालक म्हणतील, गेमचा कसला आलाय अभ्यास? त्यात नुसता गोळीबार! आणि गेम खेळणारी मुलं म्हणतील, सर, गोष्ट तर आम्ही पुढे ढकलतो, आम्हाला लढाई हवी. गंमत बघा, दोघांचं गृहीत एकच आहे. गोष्ट वेगळी आणि लढाई वेगळी, असं दोघंही धरून चालतात. चांगल्या खेळात तसं नसतं. लढाईचे नियम हेच गोष्ट सांगायचं एक साधन असतं, आणि कधी कधी संवादांपेक्षा नियमच जास्त खरं बोलतात. हे कसं, ते आपण उदाहरणावरून बघू.

खेळ कोणता?

उदाहरणासाठी घेतला आहे ‘मास इफेक्ट’. कॅनडातील एडमंटन शहरातल्या बायोवेअर या कंपनीने तो तयार केला. पहिला भाग नोव्हेंबर २००७ मध्ये आला, दुसरा जानेवारी २०१० मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये. तिन्ही मिळून एकच गोष्ट होते. पहिल्या भागात तुम्ही केलेले निर्णय साठवलेल्या फाइलमधून दुसऱ्या भागात जातात, दुसऱ्यातले तिसऱ्यात. म्हणजे २००७ साली केलेली एखादी गोष्ट २०१२ साली समोर येऊन उभी राहते. २०२१ मध्ये तिन्ही भाग डागडुजी करून ‘लेजंडरी एडिशन’ या नावाने एकत्र आले. जाता जाता सांगतो, ही कंपनी काढणारे रे म्युझिका आणि ग्रेग झेशुक हे शिक्षणाने डॉक्टर. दवाखाना सोडून गेम करायला बसले!

दोन सूचना आधीच देतो. हे खेळ अमेरिकेतल्या मानांकनानुसार १७ वर्षांवरच्यांसाठी आहेत, त्यामुळे लहान वर्गातल्या मुलांनी लेखापुरतंच समाधान मानावं. आणि पुढे कथा उघड होणार आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी इथेच थांबलं तरी मी रागावणार नाही.

भूमिका निभावणे म्हणजे काय?

या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे भूमिका निभावण्याचा खेळ. याचं मूळ कॉम्प्युटरमध्ये नाही, कागद-पेन्सिलीत आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी, बोलण्यातली छाप हे सगळं कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. तलवार चालवायची असो की पहारेकऱ्याला पटवायचं असो, फासा टाकायचा आणि आपल्या आकड्याशी ताडून बघायचा. सापशिडीत फासा सगळ्यांना सारखाच वागवतो. इथे मात्र पात्र जसं घडवाल तसा फाशाचा अर्थ बदलतो.

इथली महत्त्वाची गोष्ट अशी की तलवार आणि जीभ दोन्ही एकाच कागदावर, एकाच हिशेबात आहेत. एकीकडे वाढवायचं तर दुसरीकडे कमी पडणार.

बायोवेअरने आधी याच परंपरेतले खेळ केले होते. १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ तर थेट त्या कागदी खेळाच्या नियमांवर उभा होता. ‘मास इफेक्ट’मध्ये त्यांनी वेगळा प्रयोग केला. नेम खेळणाऱ्याने स्वतः धरायचा, पण त्या नेमाचा उपयोग किती होणार ते पात्राच्या आकड्यांनी ठरवायचं. बंदुकीचं शिक्षण न घेतलेल्या पात्राच्या हातात रायफल दिली की नेमाचं वर्तुळ मोठं होतं, दुर्बिणीची बंदूक हलत राहते. हात तुमचा, पण तयारी पात्राची. अनेकांना हे तेव्हा आवडलं नाही. गोळी बरोबर डोक्याच्या दिशेने मारली आणि तरी चुकली, हे काय? अशी तक्रार होती. माझ्या मते ही तक्रार शूटिंगच्या खेळाला शोभणारी आहे, भूमिकेच्या खेळाला नाही.

कथेची पार्श्वभूमी

गोष्ट घडते इसवी सन २१८३ मध्ये. त्याआधी ३५ वर्षं, २१४८ साली, माणसाला मंगळावर प्रोथियन नावाच्या नष्ट झालेल्या प्रगत जमातीचे अवशेष सापडले. त्यातून कळलं की प्लूटोचा उपग्रह शेरॉन हा मुळात बर्फात गाडलं गेलेलं एक प्रचंड यंत्र आहे. याला मास रिले म्हणतात. एका रिलेपासून दुसऱ्या रिलेपर्यंत यान क्षणार्धात फेकलं जातं. माणूस या वाटेने बाहेर पडला तेव्हा लक्षात आलं की गावात आधीच बरीच बिऱ्हाडं आहेत. असारी, सॅलेरियन आणि टुरियन या तीन जमातींची परिषद सिटाडेल नावाच्या अवाढव्य अंतराळस्थानकावरून कारभार बघते. टुरियनांशी तर माणसाची पहिली भेट युद्धातच झाली. माणूस इथे नवखा आहे, जरा उतावळा आहे, आणि त्याला परिषदेत खुर्ची हवी आहे.

आपलं पात्र म्हणजे कमांडर शेपर्ड. पुरुष की स्त्री, बालपण कसं गेलं, सैन्यात काय नाव कमावलं, हे आपणच ठरवायचं. शेपर्डला परिषदेची खास दूत म्हणून नेमलं जातं आणि सॅरेन नावाच्या फितूर टुरियन दूताचा पाठलाग सुरू होतो. (मी शेपर्डला स्त्री धरून लिहितो आहे. जेनिफर हेल यांनी दिलेला तिचा आवाज ऐकलात तर का ते कळेल.) हळूहळू समजतं की सॅरेन हा बाहुला आहे. खरा सूत्रधार त्याचं जहाजच आहे. ते जहाज जिवंत यंत्र आहे, रीपर जमातीचं. हे रीपर दर ५०,००० वर्षांनी येतात आणि प्रगत झालेल्या सगळ्या जमाती कापून नेतात. रिले आणि सिटाडेल त्यांनीच मांडून ठेवलेले आहेत. शेतकरी पाट काढून ठेवतो आणि पाणी त्याच वाटेने जातं, तसं.

कल्पना एकच, उपयोग अनेक

विज्ञानकथेचा एक चांगला संकेत असा की खोटं एकच बोलावं आणि मग त्याच्याशी इमान राखावं. ‘मास इफेक्ट’चं एकच खोटं म्हणजे ‘एलिमेंट झीरो’ हे काल्पनिक मूलद्रव्य. त्यातून वीज सोडली की आजूबाजूच्या जागेतल्या वस्तूंचं वस्तुमान वाढतं किंवा कमी होतं. खेळाचं नावही त्यावरूनच आलं आहे. जहाजाचं वस्तुमान कमी केलं की ते प्रकाशाच्या पुढे धावतं. गर्भात असताना या द्रव्याशी संपर्क आलेली काही मुलं मोठेपणी मज्जासंस्थेच्या जोरावर वस्तू उचलू, फेकू शकतात. यांना बायोटिक म्हणतात.

बंदुकाही याच तत्त्वावर. बंदुकीत धातूचा एक ठोकळा असतो, त्यातून वाळूएवढा कण खरवडला जातो आणि वस्तुमान कमी करून भयंकर वेगाने फेकला जातो. म्हणजे गोळ्या जवळजवळ संपतच नाहीत. मग मर्यादा कशाची? उष्णतेची. सारखा घोडा दाबून ठेवला की बंदूक तापते, शिट्टी मारल्यासारखा आवाज करते आणि काही सेकंद बंद पडते. खेळणाऱ्याने दमाने, थांबून थांबून मारायला शिकावं लागतं. शरीराभोवतीची शील्डही अशीच विचार करून बनवलेली. ती वेगाने येणारी वस्तू अडवते, सावकाश येणारी नाही. खेळातल्या माहितीकोशात याचं कारण दिलं आहे, ते मला फार आवडतं. नाहीतर माणूस खुर्चीत बसायला गेला की खुर्चीच उडून जाईल!

बघा, अजून कथा सुरूही झाली नाही, पण लढाईचे नियम त्या जगाचं भौतिकशास्त्र शिकवायला लागले.

लढाईची रचना

लढाई शेपर्डच्या खांद्यामागून दिसते. बरोबर दोन साथीदार. कधीही खेळ थांबवून चक्रासारखी यादी उघडायची, कोणी काय करायचं ते सांगायचं आणि पुन्हा सुरू करायचं. शेपर्डचे सहा वर्ग आहेत. सैनिक, अभियंता आणि बायोटिक हे तीन शुद्ध आणि बाकीचे तीन या तिघांच्या जोड्या लावून झालेले. अकरावीला विज्ञान, वाणिज्य, कला निवडतो तसंच, एकदा निवडलं की पुढची वाट त्यावरून ठरते.

शत्रू मारले, कामगिरी पार पाडली की पातळी वाढते आणि काही पॉइंट मिळतात. हे पॉइंट एका यादीत खर्च करायचे. त्या यादीत पिस्तूल आहे, चिलखत आहे, बायोटिक शक्ती आहेत. आणि त्याच यादीत आणखी दोन ओळी आहेत – एक गोडीने मन वळवण्याची, दुसरी दरडावण्याची. चांगलं किंवा कठोर वागलात तर यातले थोडे फुकट मिळतात, बाकीचे विकतच घ्यावे लागतात. संभाषणात निळ्या किंवा लाल अक्षरांतली वाक्यं तेव्हाच उघडतात, जेव्हा या ओळींत पुरेसे पॉइंट भरलेले असतात.

पहिल्यांदा खेळणारा काय करतो? समोर शत्रू आहे, म्हणून सगळे पॉइंट बंदुकीत आणि चिलखतात. बोलणं काय, बघू नंतर. आता पुढे या.

विरमायर

विरमायर हा निळ्या समुद्राचा सुंदर ग्रह. तिथे सॅरेनचा तळ आहे आणि तो बाँबने उडवायचा आहे. आपल्या पथकात रेक्स नावाचा म्हातारा क्रोगन असतो. क्रोगन ही धिप्पाड लढवय्यी जमात. कधीकाळी सॅलेरियनांनी एका शत्रूविरुद्ध लढण्यासाठी त्यांना प्रगत शस्त्रं देऊन वर आणलं. काम झाल्यावर क्रोगनच डोईजड झाले, तेव्हा सॅलेरियनांनी जेनोफेज नावाचा जैविक उपाय शोधला आणि टुरियनांनी तो वापरला. परिणाम असा की क्रोगनांच्या हजार गर्भांपैकी जेमतेम एक जगतो. सबंध जमात मुलांवाचून हळूहळू विझते आहे.

विरमायरच्या तळावर सॅरेन क्रोगन पैदा करतो आहे, म्हणजे त्याच्याकडे जेनोफेजवर काहीतरी इलाज आहे. आणि आपण तो तळ उडवायला निघालो आहोत. रेक्सला हे कळतं. तो समुद्रकाठी जाऊन बंदूक झाडत उभा राहतो. शेपर्ड त्याच्याकडे जाते. तो बंदूक रोखतो, तीही रोखते.

इथे खेळ तुमची पॉइंटांची वही उघडतो. मन वळवण्याच्या किंवा दरडावण्याच्या ओळीत पुरेसं भरलं असेल तर तुम्ही त्याला पटवू शकता. सॅरेन तुझ्या लोकांना बरं करत नाहीये, गुलाम करतोय, हे त्याच्या गळी उतरवता येतं. भरलं नसेल तर ती वाक्यं काळी पडलेली असतात, दिसतात पण निवडता येत नाहीत. मग रेक्स मरतो, तुमच्या हातून किंवा तुमच्या साथीदाराच्या हातून. एक आडवाट आहे. आधी कधीतरी त्याच्या घराण्याचं जुनं चिलखत त्याला शोधून दिलं असेल, तर त्या आठवणीवर तो थांबतो. म्हणजे लढाईचे पॉइंट नसले तरी पूर्वी केलेली मैत्री चालते, पण तीही आधी वेळ देऊन केलेली असावी लागते.

या प्रसंगाचं सामर्थ्य संवादात आहे तेवढंच त्या काळ्या पडलेल्या ओळीत आहे. तुम्हाला दिसतं, काय बोलायला हवं होतं. पण तुम्ही पाच तासांपूर्वी तो पॉइंट रायफलीत घातला. कुणीही रागावत नाही, शिक्षा म्हणून काही लिहून येत नाही. नुसता हिशेब समोर येतो.

लगेच पुढच्या तासाभरात खेळ उलटी चाल खेळतो. बाँबजवळ एक साथीदार आहे, मनोऱ्यावर दुसरा. ॲशली आणि कायडन. दोघेही वेढले गेले आहेत, वेळ एकालाच वाचवण्याइतका आहे. इथे कुठलाही पॉइंट कामाचा नाही. सगळ्या ओळी भरलेल्या असोत की रिकाम्या, एक जण जाणारच. आधी खेळ शिकवतो की तयारी असेल तर माणूस वाचतो आणि मग तोच सांगतो की कधी कधी नाही वाचत. दोन्ही प्रसंग एकाच समुद्रकाठी ठेवले, हे लेखकांनी फार विचाराने केलंय असं मला वाटतं.

शेवटी सॅरेन समोर येतो. बोलण्याचे पॉइंट भरपूर असतील तर त्यालाही त्याच्या गुलामगिरीची जाणीव करून देता येते आणि तो स्वतःवरच गोळी झाडतो. एक सबंध लढाई शब्दांनी वाचते. पण लगेच रीपर त्याच्या प्रेताला उठवतो आणि दुसरी लढाई लढावीच लागते. म्हणजे ज्याने सगळं बोलण्यात घातलं त्याचाही हिशेब होतो!

दुसरा भाग : बोलणं स्वस्त झालं

दुसऱ्या भागात बंदुकीला मासिकांसारख्या उष्णताशोषक कांड्या आल्या. तापलेली कांडी टाकायची, नवी घालायची. कथेत कारण दिलं की मागच्या युद्धातून सैन्यांनी धडा घेतला. खरं कारण सरळ आहे, खेळणाऱ्यांना गोळ्या भरायची सवय होती. लढाई वेगवान झाली, नेम पूर्णपणे तुमच्या हातात आला. शूटिंग म्हणून बघितलं तर दुसरा भाग पहिल्याच्या कितीतरी पुढे आहे, यात वाद नको. शत्रूवर तीन प्रकारची आवरणं आली – शील्ड, बायोटिक भिंत आणि चिलखत. एकावर वीज चालते, दुसऱ्यावर बायोटिक शक्ती, तिसऱ्यावर आग. आवरण आहे तोवर शत्रूला उचलून फेकता येत नाही. त्यामुळे कोणते दोन साथीदार न्यायचे याला पहिल्यांदा खरा अर्थ आला.

पण बोलण्याच्या त्या दोन ओळी यादीतून गेल्या. आता बोलण्याची ताकद तुमच्या वागण्यावरून आपोआप ठरते. चांगुलपणाचं एक माप, कठोरपणाचं एक माप. ऐकायला हे न्याय्य वाटतं ना? अडचण अशी की हे माप आतापर्यंत मिळू शकणाऱ्या गुणांपैकी तुम्ही किती मिळवले यावर चालतं. म्हणून कधी दयाळू, कधी कठोर असा प्रसंग बघून वागणारा खेळाडू दोन्हीकडे कमी पडतो. जो प्रत्येक वेळी न वाचता वरचं उत्तर निवडतो त्याला सगळी दारं उघडी. विचार करणाऱ्याला दंड आणि ठरावीक उत्तर देणाऱ्याला बक्षीस, असा हा नियम. (आमच्या परीक्षापद्धतीबद्दल इथे काही बोलत नाही.) तिसऱ्या भागात ही चूक त्यांनी दुरुस्त केली, दोन्ही मापांची बेरीज धरली.

दुसऱ्या भागाने गमावलेलं एका ठिकाणी मात्र व्याजासकट भरून काढलं. शेवटची कामगिरी शत्रूच्या तळावर आहे. तिथून परत येण्याची आशा नाही असं सगळे धरून चालतात. तिथे प्रत्येक साथीदार मरू शकतो. जहाज आधी मजबूत केलं नसेल तर पोचायच्या आधीच माणसं जातात. साथीदारांची वैयक्तिक कामं करून त्यांचं मन मोकळं केलेलं नसेल तर ते ऐन वेळी डगमगतात. नळीतून आत कोण शिरेल, दुसऱ्या तुकडीचं नेतृत्व कोण करेल, हे माणूस ओळखून ठरवावं लागतं. एखादा साथीदार स्वतःहून पुढे येतो, पण तो योग्य असेलच असं नाही.

सर्वांत शेवटी शेपर्ड दोघांना घेऊन पुढे जाते आणि उरलेले मागे दार राखतात. या मागे राहिलेल्यांचं बळ खेळ गुपचूप मोजतो. प्रत्येकाला एक आकडा असतो, तो पडद्यावर कुठेच दिसत नाही. सरासरी कमी पडली की मागे कुणीतरी मरतं. बहुतेक खेळाडू शेवटच्या लढाईसाठी आपले सर्वांत दणकट दोघे बरोबर घेतात. साहजिक आहे. आणि मागे राहिलेल्या कमकुवतांत आधी ज्याच्यावर बेतते तो मॉर्डिन, सॅलेरियन शास्त्रज्ञ, भरभर बोलणारा. स्वतःच्या सुरक्षिततेची किंमत दुसऱ्याने दिली, हे एकही संवाद न लिहिता खेळ सांगून जातो. मॉर्डिनचं नाव लक्षात ठेवा.

तिसरा भाग : टुचांका

तिसऱ्या भागात रीपर येऊन पोचले आहेत आणि पृथ्वी जळते आहे. लढाईत एक छान बदल आहे. कुठल्याही वर्गाला कुठलीही बंदूक घेता येते, पण बंदुकांना वजन आहे. जितकं वजन जास्त, तितक्या शक्ती उशिरा परत येतात. हलकं राहून शक्ती भराभर वापरायच्या की जड होऊन गोळ्यांवर भिस्त ठेवायची? पहिल्या भागातल्या यादीची ही धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. शिवाय एका शक्तीने शत्रूला तयार करायचं आणि दुसरीने स्फोट घडवायचा, अशा जोड्या आहेत. साथीदाराने पेटवावं आणि तुम्ही फोडावं, यातली मजा खेळूनच कळते.

सुरुवातीलाच खेळ विचारतो, तुम्हाला काय हवं? एका पर्यायात संभाषणं आपोआप होतात आणि फक्त लढायचं असतं. दुसऱ्यात गोष्ट महत्त्वाची आणि लढाई अगदी सोपी. तिसऱ्यात दोन्ही. म्हणजे लेखाच्या सुरुवातीला सांगितलेलं ते गृहीत निर्मात्यांनी स्वतःच मेनूत मांडून ठेवलं. सोय म्हणून ठीक आहे, पण टुचांका समजून घ्यायची असेल तर तिसराच पर्याय घ्या.

टुचांका हा क्रोगनांचा उजाड ग्रह. रीपरांविरुद्ध क्रोगन सैन्य हवं असेल तर जेनोफेज बरा करावा लागेल. इलाज तयार करतो मॉर्डिन. याच मॉर्डिनने पूर्वी जेनोफेज आणखी पक्का केला होता. क्रोगनांच्या बाजूने ईव्ह नावाची एक शहाणी स्त्री आहे. मागच्या भागातल्या क्रूर प्रयोगांचे निष्कर्ष तुम्ही जपून ठेवले असतील तरच ती जगते. आणि सॅलेरियन नेता गुपचूप सांगतो, इलाज बिघडवा, कुणाला कळणार नाही, मग आमचंही सैन्य देतो.

आता वही उघडा. विरमायरवर रेक्स वाचला असेल तर क्रोगनांचं नेतृत्व तो करतो, संयमी, पुढचा विचार करणारा. इलाज देणं तेव्हा बरोबर वाटतं. बिघडवलात तर त्याला नंतर कळतं, तो जाब विचारायला येतो आणि मरतो. क्रोगन सैन्यही जातं. पण रेक्स विरमायरवरच गेला असेल तर नेता त्याचा भाऊबंद रीव्ह असतो, सूडाने पेटलेला, नातवंडांच्या आधी युद्धाची भाषा करणारा. ईव्हसुद्धा जिवंत नसेल तर मॉर्डिनला समजावता येतं की अशा हातांत इलाज देऊ नकोस. तो मान्य करतो आणि वाचतो. रीव्हला फसवणूक कळतच नाही, त्यामुळे क्रोगन आणि सॅलेरियन दोन्ही सैन्यं मिळतात.

थोडं थांबून विचार करा. तिसऱ्या भागात लष्करी बळाचा एक आकडा असतो, आणि शेवट किती चांगला होणार ते त्यावर अवलंबून आहे. त्या आकड्याच्या बाजूने बघितलं तर फसवणूक फायद्याची ठरू शकते. कधी? तर जेव्हा पाच वर्षांपूर्वी एका समुद्रकाठी बोलायला तुमच्याकडे शब्द नव्हते. रेक्स जिवंत असताना मॉर्डिन स्वतः मनोऱ्यावर चढून इलाज सोडतो आणि तिथेच मरतो. त्याला थांबवायचं असेल तर शेपर्डला त्याच्या पाठीत गोळी घालावी लागते, आणि घोडा दाबायचं बटण तुमच्या हातात असतं. तीन भागांत हजारो गोळ्या झाडलेला खेळाडू या एका गोळीशी अडतो. मला विचाराल तर सबंध मालिकेत कथा आणि लढाई इतकी एकजीव दुसरीकडे कुठे झालेली नाही.

याच्यापुढे शेवट फिका वाटतो. तीन भागांतले सगळे निर्णय त्या एका लष्करी आकड्यात विरघळतात आणि खेळाडूपुढे तीन वाटा ठेवल्या जातात – रीपरांचा नाश, त्यांच्यावर ताबा, किंवा यंत्र आणि जीव यांचं मीलन. २०१२ मध्ये यावर जगभरातल्या खेळाडूंनी इतकी नाराजी व्यक्त केली की त्याच वर्षी जूनमध्ये बायोवेअरला शेवट वाढवून, उलगडून, फुकट द्यावा लागला. लोकांची तक्रार शेवट दुःखी आहे अशी नव्हती. आम्ही केलेलं दिसत कुठे नाही, अशी होती.

स्वाध्याय

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात तुमच्या आवडीच्या एखाद्या खेळातला (कबड्डी, बुद्धिबळ, पत्ते, मोबाइलवरचा गेम, काहीही चालेल) एक नियम लिहा. दुसऱ्यात तो नियम खेळणाऱ्याला कसं वागायला लावतो ते लिहा. तिसऱ्यात तो नियम काढला तर खेळात काय हरवेल ते लिहा. सुरुवातीला कबड्डीतला दम घ्या, सोपा आहे आणि बरंच काही सांगतो.

वरच्या वर्गांसाठी एक प्रश्न. ‘लेजंडरी एडिशन’मध्ये पहिल्या भागातलं नेमाचं डळमळणं काढून टाकलं आणि सगळ्या वर्गांना सगळ्या बंदुका खुल्या केल्या, पण मन वळवण्याच्या ओळी यादीत तशाच ठेवल्या. न शिकताही बंदूक चांगली चालू लागली, तर विरमायरच्या प्रसंगाचं वजन वाढतं की कमी होतं? दोन्ही बाजूंनी एकेक परिच्छेद लिहा. मला दोन्ही उत्तरं पटू शकतात, फक्त पॉइंटांचा हिशेब मांडून दाखवा.